बदलते हवामान आणि आपल्या वस्तीचे प्रश्न



आजच्या पाठाचा विषय हवामान हा आहे. धम्माच्या पाक्षिकात हवामान कशाला, असे काही वाचकांना वाटेल. दीक्षा घेऊन वर्ष-दोन वर्षे झालेल्या घरांना वंदना, पंचशील, संस्कारविधी यांचे पाठ आधी हवे असतात, हे खरे. परंतु नांदेड-लातूरच्या ज्या वस्त्यांत हे पान वाचले जाते, तेथे मे महिन्यात हापसा कोरडा पडतो, सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात उभे राहते, आणि दोन्ही वेळा मजुरी बुडते. असे का होते आणि त्यावर काय करावे याचा अभ्यास आज जगभर चालू आहे. विद्यापीठांत, सरकारी कचेऱ्यांत, परदेशी बँकांच्या दप्तरांत त्या अभ्यासाचे प्रश्न ठरतात. जो प्रश्न ठरतो त्यावर पैसा खर्च होतो, आणि त्यातूनच योजना निघते. आपल्या वस्तीचा प्रश्न त्या यादीत आहे काय, हे आपण पाहावयाचे आहे.

पाऊस लांबला की आपल्या भागात धोंडी काढतात, देव पाण्यात ठेवतात. दीक्षेनंतर आपण हे सोडले. सोडले ते चांगलेच झाले. पण जुने उत्तर टाकून दिल्यावर ती जागा रिकामी ठेवून चालत नाही. कारणावाचून काही घडत नाही, असे आपल्याला शिकविले आहे. तर मग पावसाच्या या लहरीपणाचे कारण काय, हे समजून घेतले पाहिजे.

हे कारण आता बरेच उलगडले आहे. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी अधिक तापली आणि निवायलाही जास्त वेळ लागला. १८९६ मध्ये स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हा वायू हवेत वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ या डोंगरावर तो रोज मोजला जातो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते; आज ४२० च्या वर आहेत. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून ही भर पडली. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तापमानापेक्षा सुमारे १.१ अंश अधिक होते.

एका अंशाचे एवढे काय, असे मुले वर्गात विचारतात. एका अंशाने तापलेली हवा सुमारे सात टक्के अधिक वाफ धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि दोन पावसांत मोठा खंड पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखविले की, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाले. वर्षाच्या पावसाची बेरीज पाहून हे कळत नाही. बेरीज तीच राहते, पण पावसाचे दिवस बदलतात. आपल्याच भागात पाहा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, २०१६ मध्ये पाण्यावाचून लातूर तडफडले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव या गावांत रातोरात पाणी शिरले व सैन्याला बोलवावे लागले.

या अभ्यासात दोन शब्द वारंवार येतात, ते नीट समजून घ्या. एक ‘शमन’, दुसरा ‘अनुकूलन’. चूल धुपू लागली तर दोन गोष्टी करता येतात. ओले लाकूड बाहेर ओढून जाळ नीट करायचा, हे शमन. खिडकी उघडायची, तान्ह्या पोराला बाहेर न्यायचे, हे अनुकूलन. कोळशाऐवजी सूर्यावर वीज करणे हे शमन होय. कमी पाण्याचे बियाणे, शेततळे, उन्हाच्या वेळी कामाचे तास बदलणे हे अनुकूलन. दोन्ही लागतात. मात्र चूल कोणाची आणि डोळे कोणाचे, हेही विचारावे लागते. अमेरिकेतील एका माणसामागे वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात सुमारे २ टन. आणि ही भारताची सरासरी आहे. तिच्यात बंगले, मोटारी, वातानुकूलित कचेऱ्या सगळे आले. ज्या घरात एक दिवा, एक पंखा आणि गॅस संपला की पुन्हा चूल आहे, त्या घराचा वाटा कितीसा असणार?

प्रश्न कसा विचारावा, याचे शिक्षण प. पू. बाबासाहेबांच्या लिखाणात जागोजागी मिळते. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्या काळचे सगळे विद्वान म्हणत होते की तुकडे लहान आहेत, ते एकत्र कसे करावेत ते सांगा. बाबासाहेबांनी प्रश्नच बदलला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि किती माणसे आहेत यावर ठरते. जमिनीवर माणसांचा भार फार आहे, तो उद्योगधंद्यांकडे वळविला पाहिजे, असे त्यांनी दाखविले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. ओरिसातही महानदीचे पूर येत असत, आणि आधीच्या समित्या एकच विचारीत होत्या की पुराचे पाणी लवकरात लवकर समुद्रात कसे घालवावे. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी हा रोखच चुकीचा ठरविला. पाणी ही संपत्ती आहे, ती फेकून द्यावयाची नाही, साठवून शेती, वीज आणि जलवाहतुकीला वापरावयाची, असे त्यांनी मांडले. त्या विचारातूनच १९४८ चा दामोदर खोरे महामंडळाचा कायदा आला. मोठ्या धरणांनी उठविलेल्या माणसांचा प्रश्न पुढे उभा राहिला आणि तो खराच आहे. येथे मात्र त्यांची पद्धत घ्यावयाची. समिती जेथे उत्तर शोधीत होती, तेथे त्यांनी आधी प्रश्न तपासला.

पाण्याचा तंटा तर आपल्याला धम्माच्या पहिल्याच धड्यात भेटतो. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे दिले आहे. संघाच्या सभेत सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाचे म्हणणे असे की, आधी चौकशी करा. आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, आणि त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा. नव्या वाचकांनी हा भाग पुन्हा एकदा सावकाश वाचावा. त्याने मागितलेली चौकशी म्हणजे एका अर्थी संशोधनच होते, आणि ते दोन्ही काठांच्या माणसांनी मिळून करावयाचे होते.

हे जुने झाले असे समजू नका. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्यावरून आंध्र प्रदेश २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. पावसाळ्यात, १ जुलै ते २८ ऑक्टोबर, दरवाजे उघडे ठेवायचे. नंतर बंद करायचे. आणि १ मार्चला ठरलेले पाणी खाली श्रीरामसागराला सोडायचे. देखरेखीला तिघांची समिती नेमली. दोन राज्यांचा प्रत्येकी एक माणूस आणि तिसरा केंद्रीय जल आयोगाचा. दोन काठ आणि त्यांच्यावर एक त्रयस्थ, अशी ही रचना आहे. तंटा असा मिटू शकतो. पण एकाच गावातल्या दोन काठांचे काय? बागाईतदाराची मोटर आणि वस्तीतला हापसा एकाच भूजलावर चालतात. त्यांच्यामध्ये कोणती समिती बसते?

आता लातूर. २०१६ चा उन्हाळा आठवा. शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली; तिला दहा वाघिणी होत्या आणि तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, खेपेला २५ लाख लिटर. कृष्णेचे पाणी ३४० किलोमीटरांवरून आणले गेले. वर्तमानपत्रांत फोटो आले, देशभर वाहवा झाली. ते काम वाईट नव्हते. तहानलेल्याला पाणी मिळाले.

मात्र मुलांना घेऊन थोडा हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांच्या वर होती. २५ लाख लिटरला तेवढ्या माणसांनी भागा. माणशी साडेसहा लिटर येते. म्हणजे अर्धी घागर. आता दुसरा हिशेब. पाटाने भिजविलेला एक हेक्टर ऊस तोडणीला येईपर्यंत साधारण २ कोटी लिटर पाणी पितो. २ कोटींना २५ लाखांनी भागा. आठ येतात. एका हेक्टर उसात पन्नास वाघिणींच्या आठ गाड्या जिरतात. ठिबकने पाणी वाचते, हे मान्य. तरी ऊस तो ऊसच. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने लिहून ठेवले आहे की, महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे, कागदावर.

त्या उन्हाळ्यात ‘लातूरला पाणी कोठून आणावे’ हा प्रश्न सर्वांनी विचारला. ‘मांजराचे पाणी एप्रिलच्या आधी कोठे गेले’ हा प्रश्न थोड्यांनी विचारला. आणि ‘आलेले पाणी कोणाच्या घरात किती वेळ टिकले’ हा आपला प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. माणशी लिटर मोजणारा अभ्यास भांडी मोजत नाही. ज्याच्या घरावर हजार लिटरची टाकी आहे त्याला आठ दिवसांनी नळ आला तरी भागते. ज्याच्याकडे दोन हंडे, एक कळशी आणि एक प्लॅस्टिकचा ड्रम आहे, त्याला आठ दिवसांचे पाणी मिळूनही उपयोग नाही, ठेवणार कशात? खेड्यात आणखी एक गोष्ट असते. टँकर विहिरीत रिकामा करतात. कोणत्या विहिरीत? ती वस्तीपासून किती पावलांवर आहे? रहाटावर, कठड्यावर आधी कोण उभे राहते? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे विचारले गेले, ते टंचाईच्या आराखड्यात नुसते ‘टँकरच्या खेपा’ या रकान्यात बसवता येत नाही.

अनुकूलनाच्या योजनांकडे वळू. आपल्या भागात लोक ज्याला ‘पोकरा’ म्हणतात तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जाने मराठवाडा आणि विदर्भाच्या गावांत चालू झाला. नांदेड, लातूर दोन्ही जिल्हे त्यात आले. ठिबक, तुषार, शेततळे, शेडनेट, रुंद वरंबा-सरीवर पेरणी, असा त्याचा विस्तार होता. या गोष्टी उपयोगाच्या आहेत. वरंब्यावरचे सोयाबीन खंडातही तग धरते आणि जास्त पाण्यातही कुजत नाही. आपल्यापैकी ज्यांची दोन-तीन एकर आहे त्यांनी जरूर करून पाहावे. पण यातल्या बहुतेक गोष्टींना सातबारा आणि आठ-अ लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेतीवर जगणाऱ्या अनुसूचित जातींच्या माणसांपैकी सुमारे ७१ टक्के शेतमजूर आहेत. त्यांनी ठिबक कोठे अंथरावी? भूमिहीनांसाठी प्रकल्पात शेळ्या-कोंबड्या होत्या, त्या काही घरांना मिळाल्याही.

बटईने करणाऱ्याची गत आणखी चमत्कारिक आहे. बियाणे त्याचे, खत त्याचे, घाम त्याचा. अतिवृष्टीचे अनुदान आले की ते सातबाऱ्यावरच्या नावाने खात्यात जमा होते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे होतात. पिकाचा रकाना असतो, गुरांचा असतो, पडलेल्या भिंतीचा असतो. बुडालेल्या मजुरीचा रकाना मी तरी पाहिलेला नाही. सोयाबीन पाण्याखाली गेले म्हणजे कापणीचे पंधरा-वीस दिवस गेले. त्या पैशांवर दिवाळी आणि मुलांची पुस्तके असतात. ‘शेतकऱ्याचे नुकसान किती’ यावर अभ्यास निघतात. ‘एका मंडळात किती दिवसांची मजुरी बुडाली, बायांची किती, पुरुषांची किती’ हा प्रश्न मांडला, तर तो रकाना छापावा लागेल.

शमनाच्या बाजूला आपल्याला जास्त जपून पाहिले पाहिजे, कारण येथे गायरान येते. सूर्याची वीज चांगली. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या केंद्राला पाणी लागते, सूर्याच्या पत्र्यांना धुण्यापुरते लागते. दिवसा वीज मिळाली तर रात्री पाणी धरायला जाऊन साप चावण्याचे भयही जाते. म्हणून २०१७ मध्ये आलेली आणि २०२३ मध्ये वाढविलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मुळात वाईट आहे असे कोणी म्हणू नये. एक मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. ती वीज उपकेंद्राच्या जवळची हवी. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने.

आता ही सरकारी जमीन म्हणजे पुष्कळ गावी गायरान. आणि गायरानावर कोण आहे? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पुढे १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांनी भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० पूर्वीचा ताबा ही अट होती. कित्येकांच्या आजोबांनी दगड वेचून ती जमीन तयार केली, दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या, आणि नाव मात्र सातबाऱ्यावर चढले नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच निकालात अनुसूचित जाती-जमातींना व भूमिहीनांना शासनाने पट्टा दिला असल्यास अपवाद करता येईल असेही म्हटले आहे. हा अपवाद वाचायचा राहून जातो. मराठवाड्यातल्या काही गावांतून गायरान कसणाऱ्या कुटुंबांनी सौर प्रकल्पांना हरकती घेतल्या, त्या या पार्श्वभूमीवर समजून घ्या. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला सव्वा लाख, ग्रामपंचायतीला अनुदान, आणि तीन पिढ्या कसणाऱ्याला नोटीस. पृथ्वीचे तापणे कमी करण्यासाठी सर्वांत कमी तापविणाऱ्याचे शेत गेले, तर त्याला शास्त्रीय उपाय कसे म्हणायचे? आणि शेळ्या? एक योजना भूमिहीनाला शेळ्या देते, दुसरी गायरानाला कुंपण घालते. या दोन योजनांचा एकत्र अभ्यास कोणी करावयाचा? विद्यापीठात एकाचा विभाग वेगळा, दुसऱ्याचा वेगळा.

मी शाळेत शिकविते, म्हणून एका कागदाविषयी थोडे सविस्तर सांगते. तो म्हणजे हजेरीपट. दिवाळीच्या सुटीनंतर मुखेड, कंधार, लोहा या भागातल्या कितीतरी शाळांत काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत थांबत नाहीत. मुकादमाची उचल घेऊन आई-बाप ऊसतोडीला गेलेले असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे आजी असेल तर पोरगं राहतं, नाही तर बैलगाडीत बसून तेही जाते. मोठी मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळायला तिला नेतात. काही गावी हंगामी वसतिगृहे निघतात, त्यांचा उपयोग होतो. पण ती केव्हा उघडतात यावर सगळे अवलंबून असते.

आता असे समजा की दहा वर्षांचे हजेरीपट एका बाजूला ठेवले आणि त्याच दहा वर्षांचा मंडळाचा पाऊस दुसऱ्या बाजूला. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये मोठा खंड पडला, त्या वर्षी मुले लवकर गेली काय? जास्त गेली काय? ज्या वर्षी सप्टेंबरात सगळे वाहून गेले त्या वर्षी काय झाले? मुलगे आणि मुली यांत फरक आहे काय? हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात तो घेऊन गेलात तर प्राध्यापकाला तो नाकारता येणार नाही. त्याचे उत्तर आज तयार नाही. आपण म्हणतो तसे नसेलही. कदाचित उचलीचा जुना बोजा हे मोठे कारण निघेल आणि पाऊस हे लहान. तरी कळेल. आणि उत्तर काही आले तरी वसतिगृह नोव्हेंबरात उघडावे की ऑक्टोबरात, हे त्यावरून ठरविता येईल.

चांगला प्रश्न ओळखायची खूण हीच आहे. त्याचे उत्तर मोजून, विचारून, कागद पाहून देता आले पाहिजे. उत्तर आपल्या विरुद्ध जाण्याची शक्यता त्यात असली पाहिजे. आणि उत्तराने कोणाचा तरी निर्णय बदलला पाहिजे. ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे सत्य असले तरी तो प्रश्न नव्हे. ‘गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीला किती खेपा आल्या आणि गावठाणाला किती’ हा प्रश्न आहे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे म्हणून मानू नका, असे कालामांना सांगितले होते. तो नियम तलाठ्याच्या अहवालाला लावावा, परदेशी तज्ज्ञाला लावावा, तसाच स्वतःच्या तक्रारीलाही लावावा. त्याने तक्रार बळकट होते.

म्हणून पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातून लगेच उठू नका. एक शंभर पानी वही घ्या. दहावी-बारावी झालेल्या एका मुलीला आणि एका मुलाला लेखनिक करा. पण नोंदी सांगतील त्या बाया, कारण पाणी त्या भरतात आणि खुरपायला, कापायला त्याच जातात. हापसा कोणत्या तारखेला आटला. टँकर केव्हा आला, कोठे रिकामा झाला. त्या दिवशी किती घागरी मिळाल्या, किती वेळ लागला. मजुरी किती दिवस मिळाली, पावसाने किती गेली, उन्हाने काम दुपारी थांबले ते किती दिवस. कोण कोण ऊसतोडीला गेले, मुले बरोबर की मागे. गायरान कसणाऱ्यांनी वेगळे पान ठेवावे आणि त्यात दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, पिकाच्या नोंदी यांच्या झेरॉक्स लावाव्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत. मंडळातल्या पावसाचा आकडा ‘महावेध’च्या स्वयंचलित केंद्रावरून मिळतो, कृषी सहायकाला विचारावे. त्याच्याशेजारी आपल्या गावात काय पडले ते लिहावे. एका सपाट बुडाच्या, सरळ उभ्या भांड्यात पट्टी उभी करून पावसाची उंची मोजता येते, सहावीतले पोर मोजील. मंडळात ५० मिलिमीटर आणि गावात ९० असे निघाले तर पंचनाम्याच्या वेळी ती वही बोलेल.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. सौर प्रकल्पाचा किंवा गायरानाचा ठराव येणार असेल तर कार्यक्रमपत्रिका आधी मागून घ्या. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. टँकरच्या खेपांची नोंदवही, पंचनाम्याची यादी, गायरानाचा गट क्रमांक आणि त्यावरचे प्रस्ताव, हे सगळे त्यात मागता येते. वहीच्या पहिल्या पानावर गाव, महसूल मंडळ, वस्तीतल्या घरांची संख्या आणि सुरुवातीची तारीख लिहा. प्रत्येक नोंदीखाली सांगणारीचे नाव आणि सही किंवा अंगठा घ्या, आणि वही विहाराच्या कपाटात न ठेवता दर महिन्याला एकेका घरी ठेवीत जा.